देवकापशीतले करडे ढेकूण

आमच्या मागच्या अंगणात देवकापशीचं एक झाड होतं. झाड म्हणायचं ते उंचीमुळे. खोड माझ्या मनगटाएवढंच होतं. पंचवटीत, नदीपासून दोन गल्ल्या आत, एका उपाध्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. खोल्यांना लागून असलेलं अंगण इतकं लहान की त्यात खाट टाकली तर तुळशीपर्यंत जायला अंग चोरावं लागे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा माझ्या बायकोने आईच्या परसातल्या झाडाच्या चार-दोन सरक्या कळवणहून पदराच्या गाठीत बांधून आणल्या आणि भिंतीच्या कडेला पुरल्या. त्यातली एकच रुजली.

देवकापशी शेतातल्या कपाशीसारखी दरवर्षी उपटून टाकायची नसते. झाड वर्षानुवर्षं उभं राहतं, थंडीत बोंडं उकलतात आणि घरातली बाई त्या कापसाच्या देवापुढच्या वाती वळते. बाजारात कापूस मिळत नव्हता असं नाही. पण घरच्या झाडाच्या कापसाची वात वेगळी, असं ती म्हणायची. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. कापूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काळी जमीन आणि नकाशावरचा खानदेश यायचा. वाती मी कधी मनावर घेतल्या नव्हत्या.

मग एका पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. मी शुद्धीवर नसताना ती नवस बोलली की हे उठले तर लाख वाती करून गंगेच्या काठी लावीन. कापूस घरच्या झाडाचा आणि वात हातची. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी उठलो. केस गळालेले, पाय काटक्या झालेले, भिंतीला टेकून पेज पीत होतो तेव्हा तिने मला हा नवस सांगितला आणि मी हसलो. बरं वाटत होतं म्हणून हसलो, दुसरं काही नव्हतं. लाख ही संख्या मला एखाद्या शहराच्या लोकसंख्येसारखी वाटली.

"हजारावर भागलं असतं की," मी म्हणालो.

"हजारात तुम्ही उठला नसतात," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.

त्यानंतरचे दोन हिवाळे तिने वाती वळल्या. माझ्या आठवणीतलं तिचं चित्र त्या दोन हिवाळ्यांचंच आहे. दुपारच्या सुट्टीत मी जेवायला घरी येई. अंगणात खाटेवर जुनं धोतर अंथरून त्यावर कापूस पसरलेला असे आणि ती खाटेच्या बाजूला, उन्हाकडे पाठ करून, बसलेली असे. उपाध्यांच्या काकूंशी भिंतीवरून बोलणं चाललेलं असे. मला भूक लागलेली असायची आणि ही उठायची नाही. एकदा मी जरा वैतागूनच म्हणालो, "कापूस राखत कशाला बसतेस? तो काय पळून जाणार आहे?"

"त्यातलं जायचं ते जाऊ दे की आधी," ती म्हणाली, आणि मग उठून पान वाढलं.

काय जायचं, हे मी विचारलं नाही. ऊन कापसातला दमटपणा घालवतं एवढं मला ठाऊक होतं, आणि तिला तेच म्हणायचं असणार असं मी धरून चाललो. नाहीतरी घरात ती जे बोलायची त्यातलं बरंचसं मी असंच धरून चालायचो.

तिसऱ्या वर्षी, भाद्रपदात, ती गेली. दुखणं इतकं थोडं झालं की मी शाळेत रजेचा अर्जसुद्धा पाठवला नव्हता. मूलबाळ नव्हतं. नवस माझ्या जिवासाठी होता. मी राहिलो आणि ज्या हातांनी तो फेडायचा ते हात गेले. असा विचार करू नये हे मला कळत होतं. पण सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच यायचा, आणि तो आला की उठून बसणंसुद्धा मला चोरी केल्यासारखं वाटे.

तेराव्यानंतर सासूबाई कळवणला परत निघाल्या. त्या लहान चणीच्या, कोरड्या बोलण्याच्या होत्या. मुलगा धुळ्याकडे नोकरीला आणि त्या गावी एकट्या. निघताना त्यांनी वातींची पेटी कुठे आहे ते विचारलं. मी काढून दिली. झाकण उघडून त्यांनी आतल्या जुड्या बघितल्या. निम्म्याहून बऱ्याच जास्त झाल्या होत्या.

"ही मी नेते," त्या म्हणाल्या. "राहिलेलं तिकडे पुरं करीन."

"नको," मी म्हणालो. "मी करतो."

"तुम्ही?"

"माझ्यासाठीच होतं ना ते."

मग पेटीचं झाकण लावून त्यांनी ती माझ्या पुढ्यात सरकवली आणि पुढल्या कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या आत होऊ द्या, नवस फार लांबवू नये, एवढंच सांगितलं. त्या मोटारीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पेटी नेली असती तर त्यांना पुन्हा नाशिकला यायचं काहीच कारण उरलं नसतं. मी पेटी ठेवून घेतली ती नवसासाठी की या भीतीपोटी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुरुषाने वाती वळलेल्या चालतात का, हे मी घरमालक उपाध्यांना विचारलं. ते म्हणाले, बायकोचा संकल्प नवऱ्याने पुरा करायला हरकत नाही, मात्र सोवळ्यात करावा. त्यांनी हे जाता जाता सांगितलं असावं. हातात फुलांची परडी होती आणि यजमान दारात खोळंबले होते. मी मात्र ते मनाशी घट्ट धरून ठेवलं. मला काहीतरी कडक करायला हवं होतं. सोपं काही केलेलं मला चाललं नसतं.

मार्गशीर्षात बोंडं उकलायला लागली. मी पहाटे थंड पाण्याने आंघोळ करी, सोवळ्याचा मुकटा नेसे, ओल्या हातांनी बोंडांतला कापूस वेचून घेई आणि कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून तो तांब्याच्या डेऱ्यात भरून, वर झाकण ठेवून, देवघराच्या कोपऱ्यात ठेवी. अंगणात खाटेवर तो पसरायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण अंगणात कावळे येतात, वरच्या गच्चीवरून कोणाचं धुणं ठिबकतं, काकूंचं मांजर खाटेवर झोपतं. ती उघड्यावर करायची ते तिचं ठीक होतं. मला ती सवलत नव्हती.

शाळेची घंटा होण्याआधी तासभर मी पाटावर बसून सरकी काढत असे. ती बोटांनीच काढायची. माझ्या बोटांना ते जमेना, म्हणून मी एक लोखंडी सळई आणली. पाटावर कापसाचा पुंजका ठेवून त्यावरून सळई दाबत फिरवली की सरकी पुढे निसटते. काम भराभर होई. पण कापूस डागाळलेला निघू लागला. पिवळट, कुठे तांबूस, कुठे चहा सांडल्यासारखा. आणि त्याला खवट वास येई.

पहिल्यांदा मी सळईला गंज धरला असेल म्हणून ती राखेने घासली. मग हात घासले. मग नीट निरखून पाहिलं तेव्हा कापसात किडे दिसले. तिळाहून जरा लांबट, करडे-काळे, पुढे निमुळते होत गेलेलं डोकं, पाठीवर पांढुरके, काचेसारखे पंख. दिसले तेवढे मी वेचून टाकले. कापसाच्या तंतूंच्या आत, सरकीला बिलगून, त्यांची बिनपंखांची पिल्लं असत, नारिंगी पोटाची, मोहरीपेक्षाही बारीक. ती मला दिसत नसत आणि सळई त्यांच्यावरून जात असे.

आता हे इतकं उघड वाटतं की लिहायला लाज वाटते. किडे चिरडले जातात म्हणून डाग पडतो, हे माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाने सांगितलं असतं. पण मी वर्गात जसा विचार करत असे तसा घरात करत नव्हतो. तिच्या वाती पेटीत पांढऱ्याशुभ्र होत्या. झाड तेच, पाट तोच. बदलले होते ते हात. माझी खात्री झाली की ती माझ्या हातून हे घेत नाही. तिला हसलेला माणूस, जेवायला उशीर झाला म्हणून कुरकुरणारा माणूस, जो तिच्याऐवजी मागे राहिला तो माणूस. किडेसुद्धा मला त्या नकाराचाच भाग वाटले. चांगल्या वस्तूला कीड लागते ती काही उगाच नाही, असं माझं मन म्हणू लागलं.

म्हणून मी आणखी कडक झालो. सोमवारी निर्जळी उपास धरला. डेऱ्याच्या झाकणावरून लोकरीची धाबळी बांधली, बाहेरचा वारासुद्धा लागू नये अशी. कापूस आत दमट राहिला, किडे आत ऊब धरून राहिले, आणि डाग वाढले.

याच दिवसांत उपाध्यांच्या काकूंनी मला अंगणात हटकलं. भिंतीच्या भेगेत करड्या किड्यांचा पुंजका बसला होता. "मास्तर, घरात ढेकूण झालेत हो तुमच्या," त्या म्हणाल्या. "गाद्या बाहेर काढा. ती होती तेव्हा या घरात ढेकूण नव्हता." मी गाद्या काढल्या, खाटेच्या खुरांत उकळतं पाणी ओतलं. गादीत एकही निघाला नाही. तरी काकूंनी पुढे बरेच दिवस आपल्या मुलांना माझ्या ओट्यावर बसू दिलं नाही. संध्याकाळी ओट्यावर पाढे म्हणणारा तो आवाज थांबला, आणि घर फार मोठं वाटायला लागलं, दोनच खोल्या असून.

शाळेत वेगळीच गंमत झाली. तो काळ खादीच्या चळवळीचा. तरुण मास्तरांपैकी दोघे-तिघे टकळीवर सूत काढत आणि हेडमास्तरांना सरकारी अनुदान जाण्याची धास्ती असे. माझ्या काळ्या कोटावर रोज कापसाचे तंतू चिकटलेले असत. एक दिवस त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हीसुद्धा? या वयात?" मला उलगडा व्हायला वेळ लागला. देवाच्या वाती वळतो असं सांगितल्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की सूत काढतो म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली. त्यानंतर माझ्या टेबलावर कोणीतरी अधूनमधून काडेपेटी ठेवायचं. मीही हसायचो. हसून झाल्यावर घरी येऊन दिवा लावायचो आणि दुसऱ्या कोणाचा आवाज कानावर न पडता रात्र व्हायची.

माघ संपत आला तेव्हा माझ्याकडे डागाळलेल्या वातींनी एक डबा भरला होता. पेटीत टाकण्यासारख्या स्वच्छ वाती मात्र फार थोड्या. डागाच्या वाती तिच्या जुड्यांत मिसळायची माझी छाती झाली नाही. शिवरात्रीची सुट्टी होती. त्या सकाळी मी हार मानली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी कळवणला नेऊन सासूबाईंच्या स्वाधीन करायची आणि माझ्या हातून होत नाही असं तोंडाने कबूल करायचं, असं ठरवलं. डेऱ्यात उरलेला कापूसही त्यांनाच द्यायचा. तो बांधायला काढला तर चांगला वीतभर दमट लागला, त्याला कुबट वास येत होता. हार मानलीच होती, तेव्हा सोवळं राखायचं काही कारण नव्हतं. मी तो अंगणात नेला, तिच्या खाटेवर जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर ओतला. मुकटाही सोडला. साध्या धोतरावर, उघड्या अंगाने, खाटेजवळ जमिनीवर बसलो. उपास होता, जायचं कुठे नव्हतं.

ऊन भिंतीवरून उतरून खाटेवर आलं. थोड्या वेळाने कापूस हलला. वारा नव्हता. मी वाकून पाहिलं. एका पुंजक्यातून एक करडं डोकं बाहेर आलं, थबकलं, आणि मग अख्खा किडा वर येऊन उन्हात बसला. पाठोपाठ दुसरा. मग साऱ्या खाटेवर. जिथे कापूस होता तिथून ते निघत होते. कोणी तंतूंत पाय अडकून धडपडत होते, कोणी वर येऊन पंख किंचित उचलून पुन्हा मिटत होते. मोठे उडून जात. ते उडणं जेमतेमच, खाटेवरून झाडापर्यंतचं. पिल्लांना उडता येत नव्हतं. ती खाटेच्या काथ्यावरून, मग पायावरून, रांगेने खाली उतरली आणि जमिनीवरून झाडाकडे चालत गेली. ऊन वाढेल तसे आणखी निघत. इतके जीव त्या डेऱ्यात माझ्याबरोबर, देवघराच्या कोपऱ्यात, सगळा हिवाळा राहत होते.

तेव्हा मला तिचं बोलणं आठवलं. जायचं ते जाऊ दे की आधी.

मी उठलो नाही. खाटेवरचं ऊन जाईपर्यंत तसाच बसून राहिलो. काकू भिंतीवरून डोकावल्या आणि काय करताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हे ढेकूण नाहीत हो, कापसातले किडे आहेत, माणसाच्या वाटेला जात नाहीत, सरकी खातात. त्या बराच वेळ भिंतीवर कोपर टेकून बघत राहिल्या. "ती हेच करत बसायची होय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं माझ्याशी बोलायला बसते." आणि मग आत गेल्या. मला त्यांच्याबद्दल प्रथमच काहीतरी वाटलं. त्यांची दुपारही रिकामी झाली होती आणि ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपार कलल्यावर मी एक पुंजका घेतला आणि सळई न वापरता बोटांनी सरकी ओढून काढली. कापूस पांढरा निघाला. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. ज्याला मी नकार समजत होतो तो नकार नव्हता, एवढं खरं. पण हिवाळाभर ती माझ्यावर रागावली आहे असं मानून मी तिच्याजवळ बसल्यासारखा बसत होतो, आणि आता कोपऱ्यात नुसता तांब्याचा डेरा होता.

त्या वर्षीचा बहर तोपर्यंत ओसरला होता. उरलेल्या बोंडांचा कापूस मी रोज उन्हात टाकला, बोटांनी सोलला, वाती वळल्या. पण निम्मा हंगाम डागांत गेला होता. लाखाला बऱ्याच कमी पडत होत्या. बाजारचा कापूस आणून मिसळला असता तर कोणाला कळलं नसतं. एकदा दुकानापर्यंत गेलोही. दुकानदाराने किती देऊ विचारल्यावर काही न घेता परत आलो.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी पेटी आणि तो डबा घेऊन सर्व्हिस मोटारीने कळवणला गेलो. दिंडोरी, वणी, मग डोंगराची ती उंच भिंत डाव्या हाताला, आणि सगळ्या वाटेवर धूळ. पेटी मी मांडीवर धरली होती. शेजारच्या माणसाने आत काय आहे म्हणून विचारलं आणि मी वाती म्हटल्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

सासूबाईंच्या परसात ते झाड होतं, आमच्या झाडाची आई. जुनं, वाकलेलं, एका बाजूला टेकू दिलेलं. पाणी पिऊन झाल्यावर मी ओसरीवर दोन्ही वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डबा उघडून दाखवला. म्हणालो, या तिला नको होत्या असं मला वाटलं.

त्यांनी एक डागाळलेली वात उचलून नाकाशी नेली. "करडे ढेकूण," त्या म्हणाल्या. "कापूस उन्हात नव्हता टाकलात?"

"सोवळ्यात होता. झाकून."

"सोवळ्यात?" त्यांनी वात खाली ठेवली. "जावईबापू, कापूस झाडावर असतो तेव्हा काय सोवळ्यात असतो? कावळे बसतात त्याच्यावर."

त्यांनी डब्यातल्या वाती बोटांनी जरा खालीवर केल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तिने तुम्हाला कधी कशाला नको म्हटलं होतं?"

त्या मला टाकून बोलल्या असत्या तर मी सोसलं असतं. हे त्या इतक्या साधेपणाने, खरोखर आठवून पाहत असल्यासारख्या म्हणाल्या की मला ओसरीवरून उठून परसात जावं लागलं. मी झाडाजवळ उभा राहिलो. एका वाळक्या बोंडात दोन करडे किडे बसले होते. त्यांच्याकडे बघत राहिलो. तिने कधीच नको म्हटलं नव्हतं. हेच तर होतं. मी हसलो तेव्हा नाही, कुरकुर केली तेव्हा नाही. नको म्हटलं असतं तर मला निदान माफी मागता आली असती.

परत आलो तर ओसरीवर तिसरी वस्तू होती. वेताची एक टोपली, वर फडकं. सासूबाईंनी फडकं बाजूला केलं. आत वाती होत्या, जुड्या बांधलेल्या, पांढऱ्या.

"तुम्हाला जमणार नाही म्हणून नाही हो वळल्या," त्या म्हणाल्या. "तेराव्याहून आले, ते हात रिकामे ठेववेनात."

मला थोडा रागच आला, हे सांगायला हवं. मी उपास केले होते, बोटं फोडून घेतली होती, आणि इथे कोणीतरी ओसरीवर उन्हात बसून, सोवळं न पाळता, माझं प्रायश्चित्त निम्मं करून टाकलं होतं. राग ओसरायला संध्याकाळ लागली. मग वाटलं की त्याच थंडीत, त्याच सकाळी, मी तिकडे आणि त्या इकडे, लेकीच्या आणि आईच्या झाडाच्या कापसावर वाकून बसलो होतो आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची खबर नव्हती. आठ-पंधरा दिवसांनी कळवणची माणसं नाशिकच्या बाजाराला येत असतात. कोणाहाती निरोप धाडायचं दोघांनाही सुचलं नाही.

कापूस घरच्याच झाडाचा, तर या झाडाचाही चालेल ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या घरची सरकी तिने पदराला बांधून नेली ते घर तिचं नाही तर कोणाचं. उन्हाळाभर मी तिथे राहिलो. त्यांच्याकडे साठवलेला कापूस पुष्कळ होता. सकाळी तो अंगणात पडे. त्यातून जे निघायचे ते निघून जात. दुपारी ओसरीवर आम्ही दोघं वाती वळत असू. बोलणं फार होत नसे. त्यांनी मला बोटांवर राख घेऊन वात कशी फिरवायची ते दाखवलं, आणि माझ्या वाती जाड होतात म्हणून एक-दोनदा उसवायला लावल्या. सुट्टी संपायच्या आत लाख पुरे झाले. तिच्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीही नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला त्या नाशिकला आल्या. तुपात भिजवलेल्या वाती मोठ्या परातीत रचून आम्ही गंगेवर नेल्या आणि उपाध्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. ज्योत उठली तेव्हा आच इतकी होती की जवळ उभे असलेले मागे सरले. मग ती खाली बसत गेली. तिचे दोन हिवाळे, माझा एक, सासूबाईंचा एक. पायऱ्यांवर बसलेल्या बायकांची आरती म्हणून होईतो परातीत काळी काजळी उरली. नवस फिटला. मला हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. ते झालं नाही. पायऱ्या चढताना सासूबाईंनी माझ्या हाताचा आधार घेतला, तेवढं मात्र लक्षात राहिलं.

डागाळलेल्या वाती त्या नवसात घातल्या नव्हत्या. निघताना त्यांनी तो डबा मागून घेतला. "माझ्याकडे रोज दिवा लागतो," त्या म्हणाल्या. "त्याला रंगाचं काय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी सवयीने पाटावर बसलो आणि हाताला करायला काहीच नव्हतं. हात रिकामे ठेववेनात असं सासूबाई म्हणाल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात मी शाळेच्या वाचनालयात कीटकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक शोधलं. वाघाएवढ्या रुबाबाच्या भुंग्यांना त्यात पानंच्या पानं होती. माझ्या किड्यांना अर्धंसुद्धा पान नव्हतं. ढेकणांच्या मोठ्या कुळातली ही एक धाकटी पाती. कपाशी, भेंडी, अंबाडी, सावर यांच्या बोंडांत शिरतात, बियांतला रस शोषतात, आणि झाडाला दुसरीकडे कुठे हात लावत नाहीत. एवढंच. बी शोषून घेतलेलं असलं की ते रुजत नाही, हेही त्यात होतं. तिने पुरलेल्या सरक्यांपैकी एकच का रुजली असावी, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

झाड अजून आहे. मार्गशीर्षात बोंडं उकलतात आणि कुठून येतात कोण जाणे, ते करडे किडे येतात. कुणी गाववाला आला की कळवणहून निरोप येतो, डब्यातल्या वाती सरत आल्या. म्हणून मी वाती वळतो. आता नवस नाही, सोवळं नाही. रविवारी खाटेवर कापूस पसरतो आणि बाजूला बसतो. काकू कधी भिंतीवरून बोलतात, कधी नाही. कापूस राखत कशाला बसलात, असं विचारणारं घरात कोणी नाही. मी आपला बसून राहतो. ऊन वर येतं, कापूस हलायला लागतो, आणि शेवटचं पिल्लू खाटेच्या पायावरून खाली उतरेपर्यंत मी त्याला हात लावत नाही.